मॉर्फिन म्हणजे अफूच

भिगवण मागे पडलं की उजनीचं पाणी एस.टी.च्या खिडकीशी येतं. काठावर केळीच्या बागा, पाण्यात मासेमारीच्या होड्या. मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, त्यामुळे शेजारच्या प्रवाशाला पाण्यातल्या क्षारांवर व्याख्यान देऊन टाकलं. तो बिचारा इंदापूरला सुटला.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका इस्पितळात माझी भाची सुनंदा हिची नऊ दिवसांची मुलगी अतिदक्षता विभागात होती. आतड्याची शस्त्रक्रिया झालेली, घशात श्वासाची नळी. बाहेर बाकावर सुनंदाच्या सासूबाई बसल्या होत्या, सांगोल्याकडच्या, उभा जन्म शेळ्यामेंढ्यांमागे गेलेल्या. त्यांनी माझ्यापुढे कडक भाकरी आणि शेंगा चटणी (शेंगदाणे कुटून केलेली लाल चटणी) ठेवली आणि विचारलं, पोर सारखी झोपूनच का असते. मी नुकताच औषधांचा कागद वाचला होता. जीभ शिवशिवली.

"मॉर्फिन देताहेत ना. मॉर्फिन म्हणजे अफूच, विहीणबाई."

पुढचं सांगायचं राहिलं, कारण चटणी फार चांगली होती. त्यांनी मात्र पुढचा घास घेतला नाही. ते मी पाहिलं आणि विसरलो.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराचं तळं बघून, एक चादर खरेदी करून रमतगमत दुपारी पोचलो. तोवर विहीणबाईंनी हट्ट धरून मुलाकडून, दत्तूकडून, ते औषध नको असं लिहून दिलं होतं. डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं होतं. शेवटी साध्या औषधावर भागवत होते.

मास्क लावून आत गेलो. पोरीचा चेहरा आवळलेला, मुठी घट्ट, तोंड उघडं. आवाज काहीच नाही.

"रडतीय ती," सिस्टर म्हणाली. "नळीमुळं ऐकू येत न्हाय."

मग तिनं सांगितलं की त्या औषधानं श्वास मंदावतो, आतडंही सुस्तावतं, म्हणून थेंबाथेंबावर लक्ष ठेवतात आणि पुढे हळूहळू उतरवतात. पण कापलेल्या पोटाची कळ एवढ्याशा जिवाला सोसायला लावणंही वाईटच. मला हे ठाऊक होतं. सांगायचा आळस केला होता.

बाहेर येऊन विहीणबाईंना सगळं नीट सांगितलं. त्या खाली बघत बोलल्या. "माझ्या थोरलीला बाळगोळी (तान्ह्याला निजवायची अफूची गोळी) चाटवून मी काढणीला गेलते. परत आले, तर ती उठलीच न्हाय. ही बी तशीच निजली व्हती की."

त्या आत जाऊन नातीला बघून आल्या आणि औषध चालू करा म्हणाल्या. दत्तू संतापला. सगळ्यांदेखत त्यानं आईला विचारलं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं.

"कुणी न्हाय. माझंच डोस्कं फिरलं."

मी शेजारीच होतो, मांडीवर चादरीची पिशवी घेऊन. तोंडातून शब्द काढला नाही. निघताना त्यांनी त्याच पिशवीत चटणीचा पुडा घातला, आणि मी तो घेतला.

चार दिवसांनी पुण्यात दत्तूचा फोन आला. नळी निघाली होती, औषध उतरत आलं होतं, पोरगी डोळे उघडून बघत होती आणि चक्क मोठ्यानं रडत होती. मग तो आईच्या अडाणीपणावर हसला. आता मात्र मला राहवेना.

"दत्तू, तुझ्या आईला ते मी सांगितलं होतं."

"ठावं हाय, मामा. तुमचं बाकावरचं बोलणं सिस्टरच्या कानावर पडलं व्हतं, तुमी गेल्यावर तिनंच सांगितलं. पावण्याला काय बोलू नगंस, म्हणून आईनंच मला बजावलंय. आन् चटणी संपली का, इचारतीया."

पुडा अजून फोडलेला नाही.