हळू चालवण्याची चूक

बाबांनी तीसेक वर्षं लाल बस चालवली. पांढरकवड्याच्या आगारात त्यांची ख्याती एकच, गाडीला ओरखडा नाही. प्रवासी त्यांच्या भरवशावर खुशाल डुलक्या काढत. निवृत्तीनंतर त्यांनी आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी घेतली, पांढरी, डिझेलची. आधी विहारासमोर नेऊन उभी केली, मग आमच्या मारेगावात घर ते शेत, शेत ते बाजार अशी चालवू लागले. काटा चाळिसाच्या वर जाऊ देतील तर शपथ. "बाबा, मागची बैलगाडी साइड मागते आहे," असं मी चिडवायची.

सहा महिन्यांत काट्याशेजारी पिवळा दिवा लागला. शोरूममधल्या टायवाल्या साहेबांनी सांगितलं, "काका, तुम्ही गाडी फार हळू चालवता." नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो म्हणे. गाडी वेगात पळाली की काजळी जळून जाते, नाही तर साचते. विकताना हे कुणीच बोललं नव्हतं. तेव्हा फक्त पेढे दिले होते.

मग दर रविवारी आम्ही काहीही काम नसताना हैदराबाद हायवेला जाऊ लागलो. बाबा काटा ऐंशीवर धरून बसायचे. स्टिअरिंग घामाने ओलं व्हायचं. दिवा विझायचा आणि आठ दिवसांत पुन्हा लागायचा. एका रविवारी कापसाच्या ट्रकांच्या मधोमध गाडीने दमच सोडला. ओढून न्यावी लागली. शोरूमने कागद दिला: चालकाची चूक, वॉरंटी लागू नाही.

बाबांनी चष्मा लावून तो तीनदा वाचला.

"मी चुकलो म्हन्ते कंपनी," ते म्हणाले. "इतके वर्षं मी चुकीचीच चालवून राह्यलो होतो काय माय?"

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप. त्याच हंगामात गुलाबी अळीने आमच्या बीटी पऱ्हाटीची बोंडं आतून पोखरली होती. तेव्हाही बियाणेवाल्यांचा माणूस बांधावर येऊन म्हणाला होता, कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावल्या नाहीत, चूक तुमची. माल त्यांचा, चूक आमची. या जिल्ह्यात जन्मल्यापासून मी हेच ऐकत आले आहे.

मी ग्राहक मंचात तक्रार केली. तारखांवर तारखा पडल्या. शेवटी कंपनीचं पत्र आलं: त्या खेपेच्या गाड्यांत फिल्टरच सदोष होता, फुकट बदलून मिळेल. माफीचा शब्द नाही. आधीच्या कागदाचा उल्लेखही नाही.

मी पत्र मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "बरं झालं. आता तूच चालव."

गाडी दुरुस्त होऊन आली, पण बाबा पुन्हा स्टिअरिंगवर बसले नाहीत. मी किल्ली हातात दिली की खुंटीला अडकवायचे. परवा शेतातून येताना मी वेशीपाशी वेग कमी केला. तिथे शाळेची पोरं रस्ता ओलांडतात, तिथे हळू घ्यायचं हे त्यांनीच मला शिकवलं होतं. शेजारी बसलेले बाबा दचकले.

"जोरात घे माय," ते घाईघाईने म्हणाले. "हळू चालवलं का आपली चूक निघते."