सायलेन्सर वर घेतलेला ट्रक

कदम काका कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्या मागे जात आणि वाकून सायलेन्सर बघत. रिक्षा असो, टेम्पो असो, भाच्याची कोरी मोटार असो. कुळगावच्या नाक्यावरचे रिक्षावाले त्यांना ‘आरटीओ’ म्हणत. काका हसत, पण बघायचं ते बघूनच बसत. मीही बरेच दिवस हसणाऱ्यांतलाच होतो.

आमची गट्टी जमली ती एका खेळण्यामुळे. अंबरनाथच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो आणि वयाला न शोभणारा एक नाद मला आहे. हातपाय वळणारे, वीतभर उंचीचे सैनिक मी जमवतो. त्यांना शोभेल असा लष्करी ट्रक कुठे मिळेना, तेव्हा उल्हासनगरच्या बाजारातून प्लास्टिकचा पिवळाधम्मक डंपर आणला. सिंधी दुकानदाराने “साईं, बच्चा कितना बड़ा है?” असं विचारलं, तेव्हा मी हात कमरेपर्यंत नेऊन वेळ मारून नेली. रविवारी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पेपर पसरून मी त्याला हिरवा रंग फासत होतो, तर तळमजल्यावरचे काका शेजारी येऊन उभे राहिले. ते पोलादपूरकडचे, फौजेत ड्रायव्हर होते, एवढंच मला ठाऊक होतं.

“रंग नंतर,” ते म्हणाले. “आधी गाडी तर होऊ दे. फौजेची गाडी अशी चकाकते होय रे?”

त्या दिवसापासून ट्रक त्यांच्या गॅलरीत गेला तो गेलाच. मागचा डाला कापून सरळ केला, सायकलच्या स्पोकच्या कमानी वाकवल्या, काकांची जुनी खाकी पँट फेविकॉलच्या पाण्यात बुडवून तिची ताडपत्री केली. चाकांवरचा चिखल म्हणजे काकूंनी वाळवून दिलेला चहाचा चोथा. या सगळ्यात काकांचं एकच पालुपद असे. मी स्पोक जोरात वाकवला, ट्रक धाडकन खाली ठेवला, की ते न रागावता म्हणत, “हळू. मागे माणसं आहेत.” माझे सैनिक तोवर डब्यातच होते. मला आधी गंमत वाटायची, मग मीही नकळत ट्रक जपून उचलायला लागलो.

वाद झाला तो सायलेन्सरवरून. मी मोबाइलवर फोटो दाखवला की या गाडीचा सायलेन्सर खाली असतो. काकांनी फोटोकडे पाहिलंही नाही. रिकामी रिफिल कापून त्यांनी नळी केबिनच्या बाजूने थेट छतावर नेली. “ह्या गाडीचा धूर वरच जाणार,” म्हणाले, आणि विषय संपला.

ट्रक पुरा झाल्यावर मी फोटोसाठी सैनिक मागे बसवले. ताडपत्रीचा मागचा पडदा लोंबत होता, तो बरा दिसावा म्हणून बारीक दोरीने घट्ट आवळला. काका चहा घेऊन बाहेर आले, त्यांनी ते पाहिलं आणि कप तसाच कठड्यावर ठेवला. दोरीची गाठ त्यांना सुटेना. शेवटी त्यांनी ती दातांनी तोडली.

मग ते खाली बसले आणि ट्रककडे बघत बोलत राहिले. डोंगरातला रस्ता होता, बर्फ पडत होतं. मागे नवी पोरं बसली होती, थंडीने काकडलेली. त्यांना वारा लागू नये म्हणून काकांनीच पडदा बाहेरून बांधला. थोड्या वेळाने मागून केबिनवर थापा पडायला लागल्या. पोरं गाणी म्हणताना तसाच ठेका धरत, म्हणून काकांना बरंच वाटलं. मग थापा थांबल्या. सायलेन्सर फुटला होता आणि धूर मागे कोंडत होता, हे मुक्कामाला पडदा सोडल्यावर कळलं. बाकीची शुद्धीवर आली, दोघं आली नाहीत. चौकशीत काकांचा दोष निघाला नाही.

“मला वाटलं, झोपली,” काका म्हणाले. “झोपली म्हणून गाडी आणखी हळू घेतली रे मी.”

आत भांडी घासणाऱ्या काकूंचा हात थांबला होता. त्यांनाही हे पहिल्यांदाच कळत होतं, हे त्यांनी मला पुढे सांगितलं.

यंदा काका आजारी पडले. उल्हासनगरच्या दवाखान्यात दुपारी भेटायला गेलो, तर ग्लानीत होते. काकू औषध आणायला खाली गेल्या होत्या. मला ओळखलं की नाही कोण जाणे, पण मनगट घट्ट धरलं.

“पोरं उठली का?”

“उठली काका.”

“ती दोघं?”

“तीपण उठली. चहा पितायत.”

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलू दिली नाही. मग त्यांची पकड सैल झाली.

“मग त्यांना सांग,” ते म्हणाले, “गाडी मी मुद्दाम हळू आणली. झोपमोड नको म्हणून.”

सांगतो म्हटलं. त्याच आठवड्यात काका गेले.

ट्रक काकूंनी माझ्याकडे दिला, घरात बघवत नाही म्हणाल्या. एका रविवारी सगळे सैनिक उतरवून मी टेबलावर रांगेत मांडले आणि समोर बसलो. काकांचा निरोप तोंडावर आला होता. त्यातले ते दोघे कोणते, हे मी काकांना कधी विचारलंच नव्हतं.