साक्षीदाराचा खोकला

सहादू गांगुर्डे, म्हणजे माझे आजोबा, आमचे आबा, मृत्युपत्र हा शब्द तोंडातून काढत नसत. 'तो कागद' म्हणत, तेही दार लोटून. तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये स्टॅम्पपेपर उजेडात धरून तपासले, पण स्वतःसाठी एक घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांना दरदरून घाम फुटला.

वेळ आणली गेणूकाकांनी. अठ्ठ्याहत्तर साली माझे वडील वारले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणाची बुंदी ताटात असतानाच विंचूरहून आलेले हे थोरले काका नाकातून बोलले, "आबा, चांगुणाला माहेरी धाडा. तुमच्या माघारी घराला कुलूप लावू." चांगुणा म्हणजे माझी आई. त्या दिवसापासून तिची ट्रंक भरून खाटेखाली राहिली. नेसायची दोन लुगडी तेवढी दोरीवर.

आबांनी घर आईच्या नावे लिहायचं ठरवलं. कोर्टाच्या आवारातला कारकून म्हणाला की साधा कागदही चालतो. आबांना तो अपमानच वाटला. त्यांनी स्टॅम्पपेपरच घेतला. साक्षीदार तरुण बघा, असंही तो म्हणाला. तेही ऐकलं नाही. आमच्या वसाहतीत सोयरिकीपासून भांडणाच्या तडजोडीपर्यंत सही वडीलधाऱ्यांची. पोरासोरांची कोण मानतो? म्हणून त्यांनी सगळ्यांत म्हातारे दोघे नेले. रंगनाथ मास्तर ऐंशीचे, पुंजारामबाबा त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान.

मास्तर पुढच्याच थंडीत गेले. आबा मयतीवरून घरी न येता थेट कोर्टात. कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, की उद्या तुमच्या मुलानं सही खोटी म्हटली तर उभं राहून सांगणार कोण? दुसरे साक्षीदार धडधाकट आहेत ना?

पुंजारामबाबांना दमा होता.

आता आबांचा जीव त्या दम्यावर टांगला. सकाळी आल्याचा चहा घेऊन जायचे, दुपारी नाडी बघायला. बाबांचं घर आमच्या मागच्या भिंतीला लागून, त्यामुळे त्यांचा खोकला आम्हाला पाठ. आधी घरघर, मग शिट्टी, मग पत्र्यावर खडे पडावेत तसा ठसका. मला तो हुबेहूब जमायचा. एका दुपारी मोरीत उभी राहून मी तो काढला आणि शिट्टी मध्येच तोडली.

आबांच्या हातातली बशी पडली. अनवाणी, उघड्या अंगानं ते गल्लीतून धावले. मी मागे, हसू कधीच आटलं होतं.

पुंजारामबाबा ओट्यावर भाकर कुस्करत बसले होते. आबांनी त्यांच्या छातीवर हात ठेवला. बाबांनी तो बाजूला केला.

"सहादू, मला वाटलं दोस्ती हाय. तू माझा जीव राखत नाय. माझी सही राखतोस."

आबा तिथंच खाली बसले. "चांगुणा रस्त्यावर येईल, पुंजा."

बाबांनी बराच वेळ भाकर चावली. "मग जवान माणसं ने की. आन् चहा बंद करू नको."

दुसऱ्या दिवशी आबांनी बालवाडीच्या लताबाई आणि दवाखान्यातला कंपाउंडर वाल्मीक यांना कोर्टात नेलं. कारकुनासमोर तो शब्द पहिल्यांदा पुरता उच्चारला, "मृत्युपत्र करायचंय. नवं." सह्या झाल्यावर कागद उन्हात धरला आणि मग, तसंच डोळे बारीक करून, लताबाईंकडे पाहिलं.

संध्याकाळी आईनं ट्रंकेतली लुगडी फडताळात रचली. समोरच्या घरात लताबाई शिंकल्या. आबांनी स्टोव्हवर आणखी एक कप चहा टाकायला सांगितला, आलं घालून.