सरकारी दवाखान्याच्या गेटवरचा पोलीस

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. खून, दरोडे, चोऱ्या यांच्या फायली डोक्यात आता पुसट झाल्या आहेत, पण एका साध्या अर्ज चौकशीची घटना अजून जशीच्या तशी समोर उभी राहते. तिच्यात गुन्हा दाखल झाला नाही, कोणाला अटक झाली नाही, पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत. मित्रमंडळी जमली की मी पकडलेल्या टोळ्यांचे किस्से रंगवून सांगतो. ही गोष्ट सांगत नाही, कारण तिची मला लाज वाटते.

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात गावातल्या एका खासगी दवाखान्याचे डॉक्टर स्वतः अर्ज घेऊन आले. टेम्पोच्या धडकेत पाय मोडलेली एक बाई आपण तातडीने दाखल करून घेतली, तिचा जीव वाचवला, आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे आदल्याच रात्री, नवऱ्याने कुऱ्हाड दाखवून, बिल न भरता तिला पळवून नेलं, असा मजकूर होता. म्हणजे फसवणूक आणि धमकी.

"साहेब, असंच चाललं तर उद्या इमर्जन्सी पेशंटला हात कोण लावेल?" डॉक्टर म्हणाले.

मला ते पटलं. डॉक्टर ठाण्याच्या रोजच्या ओळखीतले होते आणि नवरा-बायको होते एका बंजारा तांड्यातले. कोणाचं खरं मानायचं हे मी अर्ज वाचायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. अर्ज चौकशीवर घेतला आणि जमादाराला तांड्यावर पाठवलं. घराला कुलूप होतं.

मग मी डोकं चालवलं. एवढी मोठी जखम, तर मलमपट्टी लागणारच. खासगीत जायला यांच्याकडे पैसा नाही, तेव्हा आज ना उद्या सरकारी दवाखान्यात येतीलच. मी नवऱ्याचं वर्णन देऊन एक शिपाई गणवेशात दवाखान्याच्या गेटवर उभा केला आणि दुसरा बसस्थानकावर. बंदोबस्त लावून झाल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला.

चार दिवस कोणी आलं नाही. पाचव्या दिवशी खबर लागली. झरी जामणीकडच्या जंगलातल्या एका गावाचा किराणा दुकानदार आमच्या जमादाराच्या ओळखीचा होता. त्याने फोन केला, की एक परका माणूस रोज तापाच्या गोळ्या आणि कापूस घेऊन जातो, काही विचारलं तर खाली बघतो. मी जीप पाठवली नाही. जंगलात माणूस शोधत फिरण्यापेक्षा तांड्याच्या नायकाला बोलावणं सोपं असतं, हे इतक्या वर्षांत शिकलो होतो. तांड्यात नायकाचा शब्द मोडत नाहीत.

नायक म्हातारा होता, पांढरा फेटा बांधलेला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"साहेब, मारणार नाई असा शब्द द्या. मी उद्या त्याले घेऊन येतो."

मी शब्द दिला, आणि तो खरोखर दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्याला घेऊन हजर झाला. चाळिशीचा, वाळका माणूस. मी त्याला मारलं नाही, पण दोन वाजेपर्यंत नुसतं जमिनीवर बसवून ठेवलं. तासनतास बसवलेला माणूस आपोआप नरम पडतो, ही ठाण्यातली जुनी रीत आहे, आणि मी ती डोळे झाकून वापरली. मग समोर घेतलं.

"काहून बे, डॉक्टरला कुऱ्हाड दाखवली?"

"कुऱ्हाड घरीच होती साहेब. मी तं बायकोले पाठुंगळी घेतलं होतं. दोन्ही हात तिच्या पायाले. कुऱ्हाड कोन्त्या हातात धरू?"

कोणत्याही नव्या शिपायाच्या लक्षात आली असती अशी गोष्ट मला अर्ज वाचताना सुचली नव्हती. मी विषय बदलून बायको कुठे आहे ते विचारलं. तो गप्प. माझा अनुभव असा आहे, की खोटं बोलणारा भरपूर बोलतो आणि गप्प बसणारा बहुधा कोणाला तरी सांभाळत असतो. शेवटी नायक त्याच्याजवळ वाकला आणि त्यांच्या गोरबोलीत काहीतरी बोलला.

"तिले परत त्या दवाखान्यात नेणार नसान तं सांगतो," तो म्हणाला.

"एवढ्या महागड्या दवाखान्यात गेलाच कायले?"

"मी कुठं गेलो साहेब? तुमच्याच गाडीनं नेलं. तुमच्या जमादारानं रजिस्टरात सही केली. पोलिसाची गाडी, पोलिसाची सही, मले वाटलं सरकारी दवाखाना हाय. कागद पुढं केला, मी आंगठा देला. कोराच होता तो. तिसऱ्या दिवशी बिल आणलं. म्हणे पैसे भर, तोवर पट्टी बदलणार नाई अन् घरीबी सोडणार नाई. मंग मी तिले मागच्या दारानं काढलं."

मी जमादाराकडे पाहिलं. तो टाचा जुळवून उभा होता, पण मान खाली होती.

"साहेब, आपणच वायरलेसवर बोलले होते, नेहमीच्या ठिकाणी न्या म्हणून."

बोललो होतो. तेही रोजच्यासारखं, काही विचार न करता. अपघाताची केस सरकारी दवाखान्यात नेली की वैद्यकीय दाखल्यासाठी जमादाराला खेटे घालावे लागत. हे डॉक्टर त्याच दिवशी दाखला टाइप करून हातात ठेवत, वर चहा पाजत. म्हणून आमच्या ठाण्यात ती पद्धतच पडून गेली होती. जखमी माणसाचा खर्च कोण करणार, हे आम्ही कधी विचारलं नाही. मी नोकरीत पैसा खाल्ला नाही, हे आजवर ताठ मानेने सांगत आलो. पण एका टाइप केलेल्या कागदापायी मी जखमी माणसं त्या दारात नेऊन टाकत होतो. याला काय म्हणायचं?

आवाज चढवण्याचं बळ राहिलं नव्हतं. तरी विचारलं, "मग बाहेर काढल्यावर सरकारी दवाखान्यात का नाही नेलं?"

"गेलतो ना साहेब. दुसऱ्याच दिवशी, ऑटोत टाकून. गेटवर तुमचा पोलीस उभा होता. ऑटोवाल्याले म्हणलं, फिरव बाप्पा."

मी उठलो आणि जीप काढायला सांगितली.

नवऱ्याने वाट दाखवली. जंगलातल्या त्याच गावात बाई तिच्या बहिणीच्या घरी खाटेवर पडलेली होती. दारातच पायाचा वास आला. तापात ती बडबडत होती. सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा गेटवरच्या शिपायाने मला कडक सॅल्यूट ठोकला, कारण त्याला कोणी हटवलंच नव्हतं. तिथल्या सर्जनने पट्टी सोडली आणि मला बाजूला घेतलं.

"चार-पाच दिवस आधी आणलं असतं तर पाय राहिला असता. एवढे दिवस होते कुठे हे लोक?"

मी म्हणालो, "जंगलात होते." खोटं नव्हतं ते. गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

त्या खासगी दवाखान्याचं रजिस्टर मी ताब्यात घेतलं. 'रुग्णास आणणारी व्यक्ती' या रकान्यात आमच्या जमादाराचा बक्कल नंबर होता, आणि मागची पानं उलटली तशी आमच्याच ठाण्याचे नंबर वारंवार सापडत गेले. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अहवाल पाठवला. दरपत्रक कुठेही लावलेलं नाही, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला, बिलासाठी उपचार थांबवले, रुग्णाला अडवून ठेवलं, सगळं मुद्देसूद लिहिलं. डॉक्टरांना नोटीस गेली, बिल रद्द झालं. वरिष्ठांनी अहवालाचं कौतुक केलं. त्यात मी लिहिलं होतं, 'रुग्णास पोलिसांनी दाखल केले.' कोणाच्या आदेशावरून, ते लिहिलं नाही. गेटवरच्या शिपायाचा तर उल्लेखच नव्हता.

त्यानंतर मी ठाण्यात लेखी आदेश काढला, की जखमीला आधी सरकारी दवाखान्यात न्यायचं, आणि खासगीत नेण्याची वेळच आली तर खर्चाचं नातेवाइकांसमोर विचारून घ्यायचं. बायकोचं रक्त वाहत असताना नवरा भाव विचारत बसत नाही. तिथे शुद्धीवर असलेला माणूस एकच असतो, तो म्हणजे पोलीस, आणि विचारणं त्याचं काम आहे. एवढी साधी अक्कल यायला मला एका बाईचा पाय लागला.

बदलीचा हुकूम आला तेव्हा तांड्यावर गेलो. माफी मागायची होती. जीपमध्ये वाक्य जुळवत गेलो होतो. ती अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती, कुबडी शेजारी आडवी पडलेली. मला पाहून नवरा हात जोडून उभा राहिला. ती उठायला लागली, मी बस म्हणालो.

"साहेब," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही गाडी पाठवली, मंग आमाले हुडकून काढलं, म्हणून जित्ती हाओ मी. पाय गेला तं गेला. तुमचे लय उपकार झाले."

तिला कोणी सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला सगळं माहीत होतं, पण तो माझ्याकडे न पाहता शेंगांच्या टोपलीकडे पाहत राहिला. मी टोपी सारखी केली आणि म्हणालो, "कर्तव्यच आहे आमचं." मग तिने दिलेला चहा पिऊन मी निघून आलो.