हाताला पेलेल एवढंच घर

राग हा स्वभावातला दोष नसून चुलीसारखी घरातली एक उपयोगी वस्तू आहे, ती रोज पेटवावी आणि तिच्यावर काहीतरी शिजवून घ्यावं, असं मानणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती माझी सख्खी थोरली बहीण निघाली. आमची अक्का परळीत राहते. परळीचा उन्हाळा कडक, हे साऱ्या बीड जिल्ह्याला ठाऊक आहे; पण तिच्या गल्लीतली माणसं सांगतील की उन्हाळा निदान मिरगाला तरी उतरतो. मी तिचा सगळ्यात धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, बीडला कचेरीत दोन-चार माणसं मला 'साहेब' म्हणतात. अक्का मात्र अजून भर रस्त्यात 'ए बारक्या' अशी हाक मारते, आणि मी पोटाचा घेर सांभाळत 'आलो, आलो' म्हणून धावतो.

तिच्या रागाला माणूसच लागतो असं नाही. उतू गेलेल्या दुधाला ती 'जरा डोळा चुकवला की निघाला गावभर' म्हणते. वीजकेंद्राच्या, म्हणजे आमच्या थर्मलच्या, चिमणीतून येऊन घरभर साचणाऱ्या राखेला तर ती रोज सकाळी फडकं हातात घेऊन, पुढाऱ्यानं विरोधकाला घ्यावं तसं फैलावर घेते. दाजी गेले तेव्हासुद्धा ती आधी रागावली. 'सांगून जायाची रीत हाय का न्हाई मानसाला? चहा ठेवलाय म्हनलं होतं ना मी!' असं त्यांच्या उशाशी बसून बोलली, आणि मग रडली. मला वाटतं, तिचं रडणं हे रागाच्या मागच्या दारानंच येतं. पुढच्या दारानं आलेलं मी कधी पाहिलं नाही.

अशा बाईच्या हातात वात शिरला. वातालाही कळायला हवं होतं. आधी बोटांचे सांधे सुजले, मग बोटं वाकडी व्हायला लागली, आणि सकाळी उठल्यावर मुठी उघडेनाशा झाल्या. गरम पाण्याचं भगुलं पुढ्यात घेऊन, त्यात हात बुडवून ती एकेका बोटाचा उद्धार करत बसे. 'तुला काय झालं गं मेले? तू तर कालपर्यंत चांगली होतीस!' हे करंगळीला. अंगठ्याशी ती बोलतच नसे. तो फितूर होता. मी तिला बीडच्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस. त्यानं औषधं लिहिली, हात नीट तपासले आणि सांगितलं, 'मावशी, जड वस्तू उचलायच्या नाहीत. घट्ट झाकणं पिळायची नाहीत.'

'उचलायच्याच न्हाईत,' अक्का म्हणाली, 'तर मंग घरात कशापायी ठेवायच्या?'

डॉक्टर हसले. मीही हसलो. आम्हा दोघांना तो विनोद वाटला, हीच आमची चूक. एसटीत बसेपर्यंत तिचा कायदा तयार झाला होता: 'जे माझ्या हाताला पेलत न्हाई, ते माझं न्हाई.'

हा कायदा नुसत्या लहरीतून आलेला नव्हता. भाचा पुण्याला नोकरीला. तो रोज संध्याकाळी फोन करायचा आणि रोज तेच सांगायचा, 'आई, आता एकटीनं जमायचं नाही. दिवाळीला येतो, घराला कुलूप लावू, तू इकडं चल. लिफ्ट आहे, सगळं आहे.' 'लिफ्टीत बसून शेंगा फोडू काय?' असं म्हणून अक्का फोन आपटायची. आता मोबाईल आपटून काही साधत नाही, पलीकडच्याला काही ऐकूच जात नाही, याचाही तिला राग. पण फोन ठेवल्यावर एकदा ती मला हळू आवाजात म्हणाली, आणि तिचा हळू आवाज मी क्वचितच ऐकलाय, 'मला हात कमी पडत न्हाईत रे. घर लई झालंय. घर कमी केलं की हात पुरत्यात. मला इथून हलायचं न्हाई, बारक्या.' म्हणजे दिवाळीच्या आत घराला तिच्या हाताच्या मापाचं करायचं, नाहीतर कुलूप. एवढा सरळ सौदा होता.

मग माझे रविवार गेले. सकाळच्या गाडीनं मी परळीला पोचायचो, आणि अक्का कंबरेला पदर खोचून वस्तूंची परेड घ्यायची. वस्तूवर हात ठेवायचा, उचलायची. तोंड वाकडं झालं की ती वस्तू दाराशी. पितळी हंडा दाराशी. खलबत्ता दाराशी. पाटा-वरवंट्याला तर तिनं हातही लावला नाही, लांबूनच 'तुझं तोंड बघायचं न्हाई मला' म्हटलं. झाकणांवर तिचा खास दात होता. आयुष्यभर या झाकणांनी आपल्याशी वैर केलं, असं तिचं ठाम मत. 'डबे करनाराच्या घरात काय समदे पैलवानच हायत का?' म्हणत तिनं घरातली यच्चयावत झाकणं एका पोत्यात भरायला लावली आणि डब्यांवर बशा ठेवल्या. मुंग्या आल्या. मग मुंग्यांवर राग. मी मधेच म्हणालो, 'अक्का, चकलीचा सोऱ्या तरी राहू दे, दिवाळी तोंडावर आलीय.' तर म्हणाली, 'तू फिरवनार हायस का? न्हाई ना? मंग चकलीचं नाव काढू नको.' मी चकलीचं नाव काढलं नाही. चकलीनंही माझं काढलं नाही.

आता दाराशी आलेलं हे सगळं जायचं कुठं? भंगारवाल्याला द्यायचं म्हटलं की तिच्या डोळ्यांत अंगार. 'आईनं दिलेला हंडा भंगारात? उचलत न्हाई म्हनून काय मेला का तो?' म्हणून तो हंडा मी बीडला न्यायचा. रविवारी संध्याकाळी परळी स्टँडवर, डोक्याला घाम, काखेत हंडा, हातात खलबत्ता, असा मी उभा. कंडक्टरनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, 'मामा, रुखवत निघालंय, नवरी कुठंय?' गाडी हसली. मी हंड्याला मांडीवर घेऊन बसलो. तेलगाव येईपर्यंत माझी मांडी मेली होती.

घरी बायकोनं दारातच अडवलं. 'अहो, तुमच्या अक्कांचं घर मोकळं व्हायलंय ते दिसतंय. पण माझं गोडाऊन झालं त्याचं काय? दिवाणाखाली झाकणांचं पोतं, न्हाणीत वरवंटा! काल अंधारात अंगठा ठेचला माझा.' तिचा अंगठा खरंच सुजला होता. मी म्हणालो, 'अक्काला सांगू नको, ती तोही दाराशी ठेवायला लावील.' यावर त्या रात्री मला जेवण गार मिळालं, आणि ते योग्यच होतं.

तेव्हा मीच अक्काला सुचवलं, 'गल्लीत वाटून टाक ना. लोक नाव काढतील.' तिला ते पटलं. पण रिकामं भांडं कुणाच्या दारात न्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. म्हणून तिनं प्रत्येक भांड्यात काही ना काही घातलं. कुणात ज्वारी, कुणात गूळ-शेंगदाणे, कुणात हरभऱ्याची डाळ. मी दारोदार फिरून ती पोचवली. परत आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या फळ्या अशा मोकळ्या झाल्या होत्या की अक्का चक्क पाच मिनिटं गप्प बसली. मला काळजी वाटली.

पुढच्या रविवारी गेलो, तर घरात पाय ठेवायला जागा नाही. सगळी भांडी परत! आणि एकही रिकामं नाही. कारण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हीही रीतच. गल्लीला वाटलं, काकूंनी काहीतरी पाठवलंय. ते काढून घेऊन, भांडं घासूनपुसून, त्यात आपल्या घरचं घालून त्यांनी माघारी पाठवलं होतं. डेगचीत धपाटी, कढईत शेंगोळे, घागरीत नुसत्याच भुईमुगाच्या शेंगा. मधोमध अक्का बसलेली. चेहरा थर्मलच्या चिमणीसारखा, कधीही धूर सुटेल असा.

'मला काय वार लावून जेवायला ठेवलंय का या गल्लीनं?' ती कडाडली. 'हात गेले म्हनून भीक घालाय लागलेत?'

शेजारच्या बाई दारातच होत्या. त्या बिचाऱ्या घाबरून म्हणाल्या, 'काकू, भीक कशाला म्हनता? भांडं रिकामं कसं द्यावं मानसानं?'

'देऊच नका ना! ठिवून घ्या म्हनून दिलं होतं!'

'तुमचं भांडं ठिवून घेतलं तर लोक काय म्हनतील? काकूची भांडी दाबली म्हनतील!'

'लोकांला मी बघते,' अक्का म्हणाली आणि दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन उभी राहिली. तिथून तिनं जे भाषण केलं त्याचा गोषवारा एवढाच, की जे भांडं तिच्या दारात परत येईल ते ती त्याच दारात, दिवेलागणीच्या वेळी, रिकामं नेऊन ठेवील. लक्ष्मी यायच्या वेळेला रिकामं भांडं दारात! गल्ली हादरली. दान कसं स्वीकारावं हे ज्यांना कळत नव्हतं, त्यांना धाक बरोबर कळला. तासाभरात भांडी गेली. धपाटी मात्र तिनं ठेवून घेतली आणि मला वाढताना म्हणाली, 'तीळ कमी पडलेत तिचे.'

एकच वस्तू उचलायला माझा हात धजला नाही. दिवाळीच्या अलीकडच्या रविवारी काठवट दाराशी होती. त्या काठवटीत तिनं चाळीस-एक वर्षं भाकरीचं पीठ मळलं. तिची भाकरी अशी पातळ, की दाजी म्हणायचे, हिच्यातून पलीकडचं दिसतं. मी काठवटीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. 'काय बघतूस?' ती खेकसली. 'थापटी बसत न्हाई आता. घेऊन जा म्हनलं ना!' आणि पाठ फिरवून कोरडाच ओटा पुसायला लागली. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून उतरला नाही. अक्कावर नव्हे, भाच्यावर नव्हे. त्या बोटांत शिरून बसलेल्या दुखण्यावर. पण त्याच्यावर ओरडायला ते समोर येत नाही, म्हणून काठवट घेऊन निघालो तेव्हा मी रिक्षावाल्याशी भांडलो.

दिवाळीला भाचा आला. मोकळं घर बघून तो गोंधळला, तरी हट्ट सोडेना. 'आई, सामान काढलंस हे चांगलंच केलंस, आता कुलूप लावायला सोपं. पण उद्या निघू. साधा चहा तरी होतो का तुझ्या हातून?'

अक्का उठली. गॅसचं बटण तिनं तळहात सपाट ठेवून, मनगटानं फिरवलं. लायटर दोन्ही तळव्यांत धरून दाबला. दोनदा नुसताच वाजला, तिसऱ्यांदा पेटला. बशी बाजूला सारून चहापत्ती घेतली. भाचा मदतीला उठला. मी त्याचा दंड धरला, 'बस.' आयुष्यात एवढं एकच धाडस मी केलं असेल. दूध उकळलं. भगुलं उचलून ओतणं तिला शक्य नव्हतं, हे तिला आमच्याआधी ठाऊक होतं. तिनं छोटी पळी घेतली, ग्लासावर गाळणी ठेवली, आणि पळी-पळीनं चहा गाळला. मधेच पळी हलली, चहा ओट्यावर सांडला, तेव्हा तिनं ओट्याला शिवी दिली. शेवटी दोन्ही तळव्यांत ग्लास धरून तिनं लेकापुढं ठेवला.

आम्ही प्यायलो. रागाच्या भरात साखर टाकायची राहिली होती. आम्ही तो तसाच घोट-घोट संपवत आणला. शेवटी तिनं स्वतःचा घोट घेतला आणि भडकली, 'बिनसाखरंचा ढोसताव गुमान! जीभ हाय का न्हाई तुमाला?' भाचा हसला, मग त्याचं हसणं मधेच भलतीकडं वळलं, आणि तो डोळे पुसायला बाहेर ओट्यावर गेला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच पुण्याला गेला. जाताना साखर घातलेल्या चहाचा दुसरा ग्लास पिऊन गेला.

त्याला आता बरेच दिवस झाले. अक्का परळीतच आहे. औषधानं कधी उतार पडतो, कधी नाही. मी गेलो की अजून एखादी वस्तू दाराशी दिसते, आणि दर वेळी ती आधीच्यापेक्षा हलकी असते. हे माझ्या लक्षात येतं, तिच्याही येत असावं. घर मात्र आता इतकं मोकळं झालंय, की तिचा आवाज भिंतींवर आपटून घुमतो. तिचं एकदाचं रागावणं दोनदा ऐकू येतं. परवा भाच्यानं फोन केला तेव्हा मी तिथंच बाजेवर पडलो होतो. ती नेहमीसारखी त्याच्यावर ओरडत होती, आणि मधेच थांबली. त्यानं विचारलं असावं, आई, तुझ्यामागं कोण बोलतंय, कोणी आलंय का घरी?

अक्कानं त्या रिकाम्या घरावरून एकदा नजर फिरवली.

'कोन न्हाई,' ती म्हणाली. 'मीच हाय.'