तेविसातला एक

अशी एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून काय उभी राहतेस? ये, जवळ येऊन बस. मागच्या वेळी पण असंच केलंस. अर्धं ऐकलंस, उठलीस आणि चार घरी सांगत सुटलीस, की म्हातारीने परदेशी मासे पाळलेत. पाळले नाहीत गं, सोडले. पाळले असते तर बरं झालं असतं. आता पुरतं ऐक, मधे उठू नकोस. उठायचं काम माझं. मला हल्ली एका जागी बसवत नाही.

माझं घर डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या काठावर. माहेर घोडबंदर रोडच्या अंगाला, तेही खाडीवरच. रस्त्याने निघालं तर ट्रॅफिकमध्ये जीव जातो, पण पाणी एकच. माहेरच्या धक्क्यावरून भरती वर सरकते आणि थोड्या वेळाने माझ्या बांधाला लागते. लग्न होऊन आले तेव्हा करमत नसलं की मी बांधावर जाऊन बसायची. म्हणायची, हे पाणी आत्ताच आईच्या दारावरून आलंय. सासूबाई म्हणायच्या, तोंड धुऊन घे त्याने आणि भाकऱ्या टाक.

घरामागे खाऱ्या पाण्याचं तळं आहे. तळं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधात फळ्यांचा दरवाजा. त्याला आम्ही उघाडी म्हणतो. रोजची भरती बांधाच्या पोटाला लागते आणि मागे जाते. पुनवेचं, अवसेचं उधाण मात्र फळ्यांवरून आत येतं. त्या पाण्याबरोबर बोईट मासे येतात, कोळंबी येते. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या तर असतातच, त्यांना कोण बोलावतंय! आणि एक जिताडा होता. बोटाएवढा असताना उधाणातून आत आला आणि राहिला. मी कोळंबीची डोकी टाकली की वर येऊन तोंड दाखवायचा. मुलं म्हणायची, आई, हा कापायचा कधी? मी म्हणायची, बघू पुढच्या पुनवेला. अशा किती पुनवा गेल्या.

आता भावाचं सांगते. माझ्याहून धाकटा, माहेरच्या घरातच राहतो. होडी होती, जाळं होतं, पण जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं तेव्हा त्याने होडी पालथी घातली. मग तिकडे टॉवर उभे राहिले आणि टॉवरमधली मंडळी रविवारी लांब काठ्या, टोप्या, काळे चष्मे घेऊन खाडीवर गळ टाकायला यायला लागली. मासा पकडतात, हातात धरून फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. मी एकाला विचारलं, अरे, मग पकडतोस कशाला? म्हणाला, "काकू, स्ट्रेस जातो." म्हटलं, तुझा गेला, त्याला आला.

या मंडळींना गळाला लावायला जिवंत आमिष लागतं. भाऊ त्यांना जिवंत कोळंबी पुरवायचा. पण कोळंबी नाजूक. डब्यातलं पाणी तापलं, की दुपारपर्यंत निम्मी पांढरी पडते. मग कुणीतरी त्याला परदेशी मासा दाखवला. बोटभर लांब, पोटाला पिवळट, शेपटीपाशी काळा ठिपका. विमानातून पिशव्यांमध्ये हवा भरून येतो. खाऱ्यात जगतो, गोड्यात जगतो, उन्हात डबा ठेवला तरी जगतो. जिताडा तर त्याच्यावर तुटूनच पडतो. भाऊ हरखला.

पण तो असा कुणीही आणू नये, यासाठी आता नियम झालेत. आधी अर्ज. मग वेगळ्या टाकीत इतके दिवस ठेवायचा, त्याचं पाणी गटारातसुद्धा सोडायचं नाही. दर नगाची नोंद. किती आणले, किती गेले, किती उरले, मेला तर मेलेलाही बर्फात ठेवून दाखवायचा. भावाने घराच्या अंगणात टाक्या बांधल्या, मत्स्य खात्याच्या बाई येऊन बघून गेल्या. त्याने लिहून दिलं, की गळाला लावल्याशिवाय एकही मासा उघड्या पाण्यात जाणार नाही, आणि त्याला सहा महिन्यांची तात्पुरती परवानगी मिळाली. त्या महिन्यांत त्याचा चेहरा पुन्हा होडीवरच्यासारखा झाला होता. हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

एके दिवशी दुपारी तो माझ्याकडे आला. आमच्या इकडच्या बंदरावर कुठल्या तरी मंडळींना आमिष देऊन आलेला, आणि ठाकुर्लीला एक हळद होती तिकडे निघालेला. हातात पांढरा डबा, टोपणाला चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने आकडा: तेवीस.

"बाय, हा डबा सावलीत ठेव. सकाळी नेतो. टोपण काढू नको."

"जेवून तरी जा."

"हळदीला जेवू ना. टोपण काढू नको हां."

गेला.

आमचे वडील गळ टाकून परत निघाले, की उरलेलं जिवंत आमिष कधी घरी आणायचे नाहीत. ऊन उतरायच्या आत डबा खाडीत उपडा करायचे, दोनदा खळबळून धुवायचे आणि मगच वर चढायचे. ज्याला गळ लागला नाही त्याला परत पाठवायचं. मी त्यांचं बोट धरून हे शिकले. आम्हां सगळ्यांचं तेच. तुला देवाला नमस्कार शिकवला असेल ना, तसं.

ऊन उतरायला लागलं आणि मला तो डबा दिसायला लागला. भांडी घासली, तरी दिसतोय. कपडे काढले दोरीवरचे, तरी दिसतोय. आत टकटक करत होते ते. म्हटलं, हा हळदीत नाचत असेल आणि यांनी काय म्हणून कोंडून राहायचं? चिकटपट्टी काढली, तळ्याशी गेले आणि डबा उपडा केला. दोनदा खळबळून धुतला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

सकाळी भाऊ आला.

"बाय, डबा?"

"धुऊन पालथा घातलाय न्हाणीपाशी."

"मासे कुठं आहेत?"

"सोडले तळ्यात. बिचारे दिवसभर..."

तो पायरीवर मटकन बसला. मला वाटलं, हळदीची उतरली नाही अजून.

"टोपण काढू नको सांगितलेलं ना मी तुला!"

"पण का नको ते सांगितलेलंस?"

"तुला काय कळलं असतं त्यातलं?"

"आता कळेल, सांग."

मग त्याने सांगितलं. तो सांगत होता आणि माझी नजर बांधाकडे. पुनवेला तीन दिवस होते. पुनवेचं उधाण फळ्यांवरून आत येणार आणि परत जाताना तळ्यातलं घेऊन जाणार. मला एकदम चिलापी मासळी आठवली. ती पण बाहेरचीच. या तळ्यात ती कुणी सोडली ते आजवर कळलं नाही, पण एकदा शिरली ती अशी माजली, की सासऱ्यांनी दोनदा तळं उपसलं तेव्हा कुठे पिच्छा सुटला. पण ते आमच्या तळ्यापुरतं होतं. खाडी कशी उपसायची?

"कुणाला बोलू नको," भाऊ म्हणाला. "आपणच काढू."

त्याने पाग टाकायला सुरुवात केली. पाग म्हणजे गोल फेकायचं जाळं. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दिवसभर टाकत होता. मी काठावर बादली घेऊन. बोईट आले की परत, पिवळ्या पोटाचा आला की बादलीत. पहिल्या दिवशी अकरा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा. सतरा झाले. मग पागात नुसता चिखल यायला लागला.

"उरलेले जिताड्याने खाल्ले असतील," भाऊ म्हणाला. "त्याचंच खाणं ते."

"सहाच्या सहा?"

"नाहीतर बगळ्याने."

"आणि नाही खाल्ले तर?"

"बाय, त्या खात्याच्या बाईला कळलं तर परवानगी गेली. टाक्या गेल्या. मी पुन्हा काय करू? टॉवरच्या गेटवर काठी घेऊन बसू?"

मी बांधावर गेले. तिथे चिंबोऱ्यांची बिळं आहेत, बोट जाईल एवढी. वाकून बघत बसले. प्रत्येक बिळात मला शेपटीवरचा काळा ठिपका दिसायला लागला. परत आले, आत गेले, बाहेर आले. भाऊ हातपाय धुवायला न्हाणीत गेला तेव्हा त्याच्या पिशवीतला परवानगीचा कागद काढला आणि त्यावरचा खात्याचा नंबर लावला. तो टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला तेव्हा मी फोनवर म्हणत होते, "त्याची चूक नाही हो, सोडले मी."

त्याने माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. ओला पाग खांद्यावर टाकला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याच्या बाई दोन माणसं घेऊन आल्या. तुझ्यापेक्षा थोड्या मोठ्या असतील. त्यांनी माझं नाही, आधी उधाणाचं विचारलं.

"आजी, उद्या भरती साडेबारानंतर आहे ना?"

"ती तुमच्या फोनातली समुद्राची. आमच्याकडे दोन-अडीचला लागतं पाणी. आणि उद्याचं अडवलंत तरी परवाचं उद्यापेक्षा जास्त असतं."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग समजावून सांगितलं. हा मासा निवट्यांची अंडी खातो. त्याच्या अंगावर कसले बारीक जीव असतील तेही ठाऊक नाही. आणि तो कशानेच लवकर मरत नाही, म्हणून तर आमिषाला चांगला. मग त्यांनी तळ्याकडे बघितलं. मला कळलं पुढचं काय ते.

"सगळंच मारावं लागेल?" मी विचारलं.

"मोहाची पेंड टाकावी लागेल. त्यात आपले-परके असं काही राहत नाही, आजी."

"टाका."

बांधावर वाळूची पोती रचली, फळ्यांना प्लास्टिक लावलं, म्हणजे उधाणही आत नको आणि पेंडीचं पाणीही बाहेर नको. तेवढ्यात भाऊ आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. कुणाकडे न बघता त्याने पोतं उचललं आणि रचायला लागला. मग पेंड कालवून टाकली. मी वर ओट्यावर थांबले नाही. मी केलं होतं, मलाच बघायला हवं होतं. बोईट आधी वर आले. निवट्या चिखलातून काठावर यायला लागल्या, माझ्या पायापर्यंत. आणि बऱ्याच वेळाने जिताडा आला. तोंड दाखवायला यायचा तिथेच आला.

मेलेल्यांत काळ्या ठिपक्याचे चार मिळाले. सतरा आणि चार, एकवीस.

"जिताडा कापायला हवा," बाई हळूच म्हणाल्या.

"मी कापते."

विळीवर घेतला. इतक्या वर्षांत शेकडो मासे कापले, हात कधी अडला नव्हता. पोटात एक निघाला. बावीस.

"तेविसावा बगळ्याने नेला," भाऊ म्हणाला. आदल्या दुपारनंतरचं त्याचं पहिलं वाक्य.

"मग नोंदीवर बगळ्याची सही आणा," बाई म्हणाल्या. तिघंही हसलो. आणि मग त्यांनी कागदावर लिहिलं: एक सापडला नाही.

पुनवेला दुपारी पाणी आलं. पोत्यांच्या चार बोटं खाली येऊन थांबलं आणि मागे गेलं. दुसऱ्या दिवशी दोन बोटं खाली. आम्ही दोघं भावंडं दोन्ही दिवस बांधावर उभी होतो, पण एकमेकांपासून लांब.

परवानगी गेली. बाईंनी कागदावर लिहिलं, की त्याच्या बहिणीने स्वतःहून कळवलं, म्हणून वर्षाने पुन्हा अर्ज करता येईल. भाऊ आता परत कोळंबीच पुरवतो, डब्यात बर्फाच्या बाटल्या ठेवून. दोन महिने माझ्याशी बोलला नाही. मग एका अवसेला सकाळी येऊन बांधावर बसला. मी चहा नेऊन दिला.

"दिसला काय?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग मेला असेल."

"असेल."

चहा प्यायला आणि वाकून बिळं बघायला लागला. आता दर अवसेला, पुनवेला येतो. आणि कुठलाही डबा माझ्या हातात देताना, लोणच्याचा का असेना, वर चिठ्ठी लावतो: हे का उघडायचं नाही ते.

तळ्यात पुन्हा पाणी घेतलंय. निवट्या आल्या, बोईट आले. जिताडा आला नाही अजून. पण मी बघते ते दुसरंच. ओहोटीला बांधाबाहेर डबकी राहतात ना, त्यांत लहान जाळी फिरवते. काही मिळत नाही. मिळालं नाही म्हणून निश्चिंत व्हावं, तर माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि भावाला चष्म्याशिवाय आकडा वाचता येत नाही. आम्हांला दिसला नाही म्हणजे तो नाही, असं कसं म्हणू?

म्हणून म्हणते, अशी दारातून परत जाऊ नकोस. तुझे डोळे चांगले आहेत. येत्या अवसेला सकाळी ये, ओहोटी असेल. जुनी चप्पल घाल, चिखल फार आहे. बोटभर, पोटाला पिवळा, शेपटीपाशी काळा ठिपका. भाकऱ्या टाकून ठेवते. ये गं, लवकर ये.