दस्तगीरची सलामी

सांगलीच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खिडकीतून आत काय काय येतं याची मला आता सवय झाली आहे. विसरलेल्या पिशव्या येतात, तक्रारी येतात, एकदा एक जिवंत कोंबडी आली होती. गेल्या महिन्यात जतकडून येणाऱ्या दुपारच्या गाडीच्या कंडक्टरने त्याच खिडकीतून सोड्याची एक रिकामी बाटली आत सरकवली. जाड हिरवट काचेची, गळ्याशी आवळलेली, आत गोटी असलेली. "तानूबाईनं दिलीया," तो म्हणाला. "दस्तगीरचाचा गेलं. आठ दिस झालं." मी बाटली हातात घेतली तसा तोच पुढं म्हणाला, "वाटंत फुटंल म्हणून फडक्यात गुंडाळत हुतो, तर म्हातारी वरडली अंगावर. फडकं न्हाई लावायचं म्हणं. मग तशीच मांडीवर घिऊन आलो बघा." एवढं सांगून तो चहाला गेला. फलाटावर विट्याची गाडी लागत होती आणि तिची घोषणा करायची होती. ती मी केली आणि बरोबर केली, असं बरोबरचे लोक सांगतात. मला मात्र आठवत नाही...

दस्तगीरचं गाव कवठे महांकाळच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरच्या एका फाट्याला आहे. नाव सांगत नाही. तिथले लोक वर्तमानपत्र वाचतात, आणि त्यांना नावं ठेवावीत इतका मी स्वतः काही मोठा नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी माझी तिथं बदली झाली. बायको-मुलं वाईला, आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये एक टेबल, एक घंटा आणि ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं घेऊन बसलेला. दिवसाकाठी मोजक्या गाड्या. मधल्या वेळात माणसाने वाचावं किंवा वेडं व्हावं. समोर रस्त्यापलीकडे 'महाराणी सोडावॉटर फॅक्टरी' अशी लाल पाटी होती. फॅक्टरी म्हणजे हाताने फिरवायचं एक यंत्र, गॅसची टाकी, लाकडी खोक्यांत बाटल्या आणि स्वतः दस्तगीर. "कामगार किती हो तुमच्याकडे?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं, तर त्याने दोन्ही हात पुढं केले. "दोन हायती, कंट्रोलर. ह्यो उजवा आन् ह्यो डावा. डावा जरा कामचुकार हाय." बायको आधीच वारलेली, मुलगी मिरजेला दिलेली. दुकानापुढं एक बाकडं होतं आणि त्या बाकड्यावर गाव बसायचं. बाकड्याच्या टोकाला, दुकानाच्या सावलीत, तानूबाई भाजीची पाटी घेऊन बसायची. दस्तगीर तिला मावशी म्हणे. दिवसभर दोघं एकमेकांना टोमणे मारत. तो म्हणायचा, तिची मेथी काल खुडलेली आहे. ती म्हणायची, त्याच्या सोड्यापेक्षा तिच्या म्हशीचा ढेकर बरा.

सोडा फोडण्यात दस्तगीरचा हात कुणी धरू शकत नसे. गोटी आत ढकलायला लोक लाकडाची खुंटी वापरतात. तो नुसता अंगठा ठेवायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायचा, आणि मग असा आवाज काढायचा की झाडावरचे कावळे उठावेत. त्या भागात सोडा तहानेसाठी पीत नसत. लग्न ठरलं, मटण जास्त झालं, कुस्ती मारली, पोरगा फौजेतून रजेवर आला, की सोडा. आणि जत्रेला पालखी स्टँडपाशी आली की दस्तगीरची सलामी. बाकड्यावर बाटल्यांची रांग मांडून तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत जायचा आणि एकामागोमाग एक सगळ्या फोडायचा. माळेतले फटाके वाजावेत तशा. ही सलामी त्याच्या वडिलांनी सुरू केलेली होती, त्यामुळे तिच्याबद्दल तो थट्टा खपवून घेत नसे. एरवी सगळी खपवून घ्यायचा.

दुष्काळातल्या उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या आणि गावात पटकी, म्हणजे कॉलरा, आली. दवंडी फिरली. बाजार बंद, जत्रा बंद, हॉटेलं बंद, उघड्यावरचं काही विकायचं नाही, टोचून घेतल्याशिवाय गावाबाहेर जायचं नाही. गाड्या फाट्यावर न थांबता काचा लावून पुढं जाऊ लागल्या. त्यांच्या वेळा लिहून घ्यायला मात्र मी तिथं असणं आवश्यक होतं, असं वरून कळवण्यात आलं. माणूस नसलेल्या स्टँडवर मी थांबत नसलेल्या गाड्यांचं नियंत्रण करत होतो. सरकारी नोकरीचं याहून शुद्ध रूप मी तरी पाहिलेलं नाही.

गाव बंद झालं म्हणजे सगळे धंदे बंद झाले असं समजू नये. सायकली भाड्याने देणाऱ्याच्या सायकली उजाडायच्या आत परगावी जाऊन येत. लिंबं सोन्याच्या तोलाची झाली. एक बाबा कुठूनसा येऊन गंडे विकून गेला. किराणावाले आप्पा शेटे यांनी दुकानाला पुढून फळ्या लावल्या आणि मागच्या दाराने मीठ, साखर आणि कापूर मन मानेल त्या भावाने दिला. आणि दस्तगीरचा सोडा चालला. का चालला, तर डॉक्टर प्रत्येक घरी सांगत होते की उकळलेलं पाणी प्या, आणि सोडा फोडला की बुडबुडे येतात. लोकांनी ठरवलं, हे आधीच उकळलेलं आहे. दस्तगीर कळवळून सांगायचा, "आवं, त्यो गॅस हाय! हात लावून बघा, गार हाय की!" कुणी ऐकेना. शेवटी त्याने दुकानामागे चूल मांडली, मोठा हंडा चढवला आणि सगळं पाणी खरोखरच उकळून, गार करून मग बाटल्यांत भरायला लागला. "लोकांचा इस्वास हाय म्हणल्यावर त्यो खरा तरी करायला पायजे," असं मला म्हणाला. पुढं तर दवाखान्याच्या जीपमधून औषधांबरोबर सांगलीहून गॅसची टाकीही येऊ लागली, कारण डॉक्टरांच्या घरीही बाटल्या जात होत्या.

बाटल्या तो स्वतः पोचवायचा. आजाऱ्याच्या उंबऱ्यावर उभा राहून फोडायचा आणि वाडग्यात ओतून आत सरकवायचा. गाव इतकं गप्प होतं की कुठल्या गल्लीत बाटली फुटली हे मला स्टँडवर बसून कळायचं. आज वरच्या आळीत. आज शाळेमागे... आणि एक दिवस तानूबाईच्या दारात. तिचा पोरगा शिवा स्टँडवर हमाली करायचा. गाडीच्या टपावर उभा राहून गाणी म्हणणारा, तिशीतला धट्टाकट्टा गडी. दस्तगीर सकाळ-दुपार तिच्या दारात जात राहिला. मग एके दुपारी त्या बाजूने आवाज आला नाही. मी वाट बघितली. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

साथ ओसरली, आणि माणसं उरली की जे होतं ते झालं. सत्कार झाला. शाळेच्या पटांगणात मांडव उभा राहिला. जिल्ह्याहून पाहुणे आले. त्यांनी आप्पा शेट्यांना शाल-नारळ देऊन सांगितलं की संकटकाळात ज्यांचं दुकान आणि मन दोन्ही उघडं होतं, अशा माणसांमुळे समाज टिकतो. दुकानाच्या फळ्या गावाला माहीत होत्या. मनाबद्दल मी खात्रीने सांगू शकत नाही. दस्तगीरला कुणी शाल दिली नाही आणि त्याला ती नकोच होती. त्याला एवढंच हवं होतं की गाव पुन्हा बाकड्यावर येऊन बसावं. जत्रा बुडाली होती, सलामी राहिली होती. ती त्याने गावाला त्या दिवशी द्यायची ठरवली, फुकट. मांडवाच्या कडेला त्याने बाटल्यांची रांग मांडली, पाहुण्यांचं भाषण संपलं आणि तो टोकाकडून धावत निघाला.

पहिली फुटली तेव्हा काही माना वळल्या. पुढच्या दोन-तीन फुटेपर्यंत मांडव गप्प झाला. बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. प्रत्येक घरात तो आवाज अंथरुणाशी ऐकलेला होता, आणि इथं तो एकामागोमाग येत होता, एकेका घराची हाक यावी तसा. दस्तगीर खाली मान घालून फोडत होता, त्याला काही दिसत नव्हतं. शेवटच्या बाटलीशी पोचून त्याने हसत वर बघितलं तेव्हा निम्मी माणसं उठून चालली होती. सगळ्यांत पुढं तानूबाई होती. पाहुण्यांना वाटलं, लोक सोडा प्यायला उठले आहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर बाकडं मोकळं पडलं. भांडण नाही, बहिष्कार नाही, कुणी काही बोललंही नाही. लोक समोरून जाताना मान हलवायचे आणि पुढं जायचे. कट्ट्यावर मात्र 'आमच्या आजारपणावर दस्तगीरनं नवं यंत्र घेतलं' असं बोललं जाई. यंत्र घेतलं होतं हे खरं. पण शेट्यांच्या नफ्याला आवाज नव्हता आणि दस्तगीरचा नफा वाजत गेला होता, हे त्यातलं मुख्य. तानूबाईने आपली पाटी उचलून रस्त्यापलीकडे, माझ्या शेडजवळच्या कडुलिंबाखाली नेली. दस्तगीर तिच्याकडे आला. "मावशी, माझं काय चुकलं ते तरी सांग." ती बराच वेळ भेंड्या निवडत राहिली. "तुझं काय न्हाई चुकलं, लेकरा. पर तुझी बाटली फुटली की मला वाटतं शिवाला पाजाय आलास. मी उठाय बघते... आन् मग आठवतं."

दुसऱ्या दिवसापासून दस्तगीर बाटलीच्या तोंडावर ओलं फडकं धरू लागला. अंगठा हळूहळू दाबायचा, गॅस फडक्यात सोडायचा, गोटी आत अलगद उतरवायची. पिढ्यान् पिढ्या आवाज कमावलेल्या हाताने त्याने गप्प बसायला शिकून घेतलं. मी रोज संध्याकाळी एक बाटली पीत असे. "तुमचं पिणं मी धरत न्हाई," तो म्हणायचा, "तुमी भिडंखातर पिता." हे निम्मं खरं होतं. मग मला सुचेल ते मी केलं. परगावच्या गाड्या आल्या की मी घंटा उशिरा द्यायला लागलो. गाडी थोडा वेळ थांबेल, कुणाला काही प्यायचं असेल तर पिऊन घ्या, असं मोठ्याने सांगायचो. साथ न बघितलेली माणसं उतरायची, सोडा प्यायची आणि जायची. दस्तगीर त्यांच्याकडे एखाद्या पाहुण्याकडे बघावं तसा बघायचा. बाकड्यावर मात्र कुणी टेकत नसे. त्यांना गाडी धरायची असे.

असंच एकदा जतच्या गाडीतून एक फौजी आणि त्याची नवी नवरी उतरली. हातात हिरवा चुडा, पायात नव्या चपला, चालताना लंगडत होती. दस्तगीरने फडक्याखाली बाटली उघडून दिली, तर तिने ती परत केली. "ह्यो शिळा हाय."

"ताजा हाय, पोरी. आजच भरलाय."

"मग वाजला का न्हाई? आमच्याकडं ठो करून वाजतो!"

"पी की गप," नवरा म्हणाला. "गाडी जाईल."

"पैसं दिल्यात न्हवं? मग वाजाय नगं व्हय?"

दस्तगीर फडकं पिळत राहिला. त्याने एकदाही रस्त्यापलीकडे बघितलं नाही. आवाज तिकडूनच आला. "दस्तगीर! काढ की रं त्ये फडकं."

"मावशी, ऱ्हाऊ दे..."

"नवी नवरी हाय. तिला काय ठावं आपलं? वाजीव म्हणते न्हवं!"

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. दुसरी बाटली घेतली, अंगठा ठेवला, मुलीच्या डोळ्यांत बघितलं. असा आवाज झाला की लिंबावरचे कावळे उठले. मुलगी दचकून मागे सरली, फेस लुगड्यावर सांडला आणि ती खो खो हसत सुटली. तानूबाईने डोळे मिटले होते. थोड्या वेळाने तिने ते उघडले आणि कोथिंबिरीवर पाणी मारायला घेतलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी हात वर करून त्याला थांबवून ठेवलं.

त्या एका बाटलीने गावाचं मन फिरलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. एवढंच झालं की दुसऱ्या दिवशी तानूबाईची पाटी परत बाकड्याच्या टोकाशी होती, आणि दस्तगीर तिची मेथी शिळी आहे असं सांगत होता. पुढं माझी सांगलीला बदली झाली. फाट्यावरचा नवा कंट्रोलर वेळेचा फार पक्का आहे असं ऐकतो. गाड्या लगेच सुटतात. बाकड्यावर दोघंच असायची. कंडक्टर नंतर सांगत होता, दस्तगीर दुपारचा भिंतीला डोकं टेकून बसला होता. म्हातारीला वाटलं, डोळा लागलाय. ती बराच वेळ त्याच्याशी भांडत होती...

बाटली माझ्या टेबलावर आहे, मायक्रोफोनच्या शेजारी. गाडी फलाटाला लागली की इंजिनाने टेबल थरथरतं आणि आतली गोटी काचेवर बारीक वाजायला लागते. सुटायची वेळ झालेली असते. ड्रायव्हर माझ्या खिडकीकडे बघत असतो. मी मायक्रोफोन जवळ ओढतो आणि सांगतो, गाडी थोडा वेळ थांबेल, कुणाला काही प्यायचं असेल तर पिऊन घ्या. समोर सायकली लावायची जागा आहे, दुसरं काही नाही. माणसं उतरतात, इकडेतिकडे बघतात आणि परत चढतात.